उपरण्याखालचा सौदा

सुताचे भाव कोसळले आणि दुर्गदबैल पेठेतल्या गोविंदच्या कापडदुकानात पैसे गुंतवलेले व्यापारी सकाळीच येऊन बसले. सगळ्यांनी आजच पैसे परत मागितले, तर दुकान बुडणार होतं. तेवढ्यात पेठेतले बडे सावकार भीमसेनअण्णा आले. रिवाजाप्रमाणे त्यांनी गोविंदच्या हातावर उपरणं टाकलं. कर्जावरच्या व्याजाचा आकडा इतरांना कळू नये, म्हणून उपरण्याखाली बोटं दाबून बोलणी करायची. दोघांचे हात बराच वेळ उपरण्याखाली राहिले.

“किती घासाघीस करशील रे!” अण्णा खेकसले. “बरं, तुझंच खरं. झाला सौदा.”

व्यापारी एकमेकांकडे बघू लागले. “आमचेही राहू देत की, गोविंदप्पा. घाई कुठं आहे?” असं म्हणत एकेक जण उठला.

दुकान रिकामं झाल्यावर गोविंद पुटपुटला, “अण्णा, तुम्ही एकही बोट दाबलं नाहीत. नुसता हात धरून बसलात.”

“कशाच्या जोरावर दाबू? सुतात मीही बुडालोय. माझ्या ओट्यावरही माणसं येऊन बसलीत.” अण्णांनी उपरणं खांद्यावर टाकलं. “चल लवकर. मी तुला पैसे दिले, असं म्हणत त्यांच्यादेखत माझ्या पाया पड.”