शेवट काळजाला भिडला

महोत्सवाच्या निवड समितीत त्याच्या वाट्याला चारशे सिनेमे आले होते. शितावरून भाताची परीक्षा, असं म्हणत तो प्रत्येकाची दहाच मिनिटं बघायचा आणि शेरा मारून मोकळा व्हायचा.

उद्घाटनाला दारातच त्याला सिनेमा शिकवणारे सर भेटले. उतारवयात त्यांनी केलेला पहिलावहिला सिनेमा त्याने असाच बाद केला होता.

"माझा पाहिलास का रे?"

"म्हणजे काय सर, अगदी शेवटपर्यंत!" नजर चोरत त्याने ठोकून दिलं, "शेवट तर काळजाला भिडला. पण बाकीच्यांपुढे माझं काही चाललं नाही."

सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.



"माझ्याकडून अर्धवटच फाइल गेली होती रे. विसाव्या मिनिटानंतर नुसता काळा पडदा. म्हटलं, तू पाहशील तेव्हा फोन करशीलच."