पाऊण तास

“आणि मळायचं किती वेळ?” ताईंनी लिहिता लिहिता मान वर करून विचारलं.

धाकटीने, त्यांच्या भावजयीने, त्यांच्या बोटांकडे पाहिलं. संधिवाताने पेरं सुजून सुपारीएवढी झाली होती. पेनसुद्धा नीट धरवत नव्हतं.

“पाऊण तास,” धाकटी म्हणाली. “आणि हातानेच. मशीन लावलं तर ब्रेडचा दगड होतो.”

ताईंनी तसं वहीत लिहून घेतलं.

खरं तर हा ब्रेड मळायचाच नसतो. मैदा, साखर, मीठ, चिमूटभर यीस्ट, तेल आणि कोमट पाणी चमच्याने ढवळायचं, झाकण ठेवायचं आणि सात-आठ तास विसरून जायचं. पीठ आपलं आपण तयार होतं. मग ते पसरायचं, वर साखर आणि दालचिनीची पूड भुरभुरायची, गुंडाळी करून भाजायची. दुधाचा थेंब नाही, लोण्याचं बोट नाही. धाकटी पंधरा वर्षं आपल्या मुलासाठी हा ब्रेड करत आली होती.

मुलगा चार वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. त्याला दूध चालत नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ताई म्हणजे थोरली नणंद. त्यांना ते पटत नव्हतं, एवढंच. “एवढ्याशा लोण्याने काय होतंय? हे सगळे आईचे चोचले,” असं म्हणत त्यांनी धाकटीची पाठ वळल्यावर त्याला लोणी लावलेला पाव भरवला. पाच मिनिटांत पोराचे ओठ सुजले. मग छातीतून शिट्टी वाजायला लागली. तीन दिवस तो तोंडावर मास्क लावून दवाखान्यात पडून होता. ताई बघायला आल्या, खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “तूच जपून जपून नाजूक करून ठेवलायस त्याला.”

त्या दिवसानंतर धाकटीने नणंदेचा उंबरा ओलांडला नाही. नवरा बहिणीकडे जायचा, मोठा झाल्यावर मुलगाही आत्याकडे जायला लागला. तिने कुणाला अडवलं नाही. डूख मात्र मनात धरून ठेवला.

आता ताईंच्या अडीच वर्षांच्या नातीला दूध चालेना. म्हणून त्या वही घेऊन आल्या होत्या. सगळंच चुकीचं सांगावं, असं धाकटीच्या मनात आधी आलं. पण त्या पोरीने तिचं काय घोडं मारलं होतं? पोरीला ब्रेड चांगलाच मिळायला हवा होता. भोगायचं ते लोणी भरवणाऱ्या त्या हातांनी.

उट्टं काढण्यात एवढी गोडी असते हे तिला माहीत नव्हतं. नवरा येऊन सांगायचा, “ताई रोज सकाळी ते चिकट पीठ मळत बसते गं. नंतर कितीतरी वेळ हात गरम पाण्यात धरते. सून म्हणते मी मळते, तर तिला हात लावू देत नाही.”

“मळायला तर हवंच,” धाकटी भाजी चिरता चिरता म्हणायची.

आठवड्यातून एकदा ती आपण होऊन फोन करायची. “कड फाटते का ब्रेडची? मग अजून पाच मिनिटं वाढवा, ताई.”

“बरं,” ताई म्हणायच्या. तो ‘बरं’ धाकटीला पुढचे दोन दिवस पुरायचा.

तीन महिन्यांनी मात्र नुसतं ऐकून तिचं भागेना. डोळ्यांनी बघावंसं वाटायला लागलं. एका सकाळी न कळवता ती ताईंच्या घरी जाऊन थडकली. सून कामावर निघाली होती. धाकटीला दारात बघून ती चपापली, पण “आत आहेत,” म्हणाली आणि जिना उतरून गेली.

ताई ओट्याशी उभ्या होत्या. मनगटापर्यंत पीठ चिकटलं होतं. दर दाबासरशी त्या ओठ आवळत होत्या, पण तोंडातून आवाज काढत नव्हत्या. नात खाली बसून कालचा ब्रेड खात होती. तिच्या गालांना दालचिनी लागली होती. धाकटी दारातच थांबली. हेच तर बघायला ती आली होती. पोटभर बघावं, म्हणून ती गुपचूप उभी राहिली.

तेवढ्यात तिची नजर ओट्यावरच्या भिंतीकडे गेली. तिथे एक कागद चिकटवला होता. अक्षर तिच्या मुलाचं होतं. ‘आत्या, हे पीठ मळायचं नसतं. आई नुसतं ढवळून झाकून ठेवते. हात सांभाळ.’

“हा कागद कधीचा?” धाकटीच्या तोंडून निघून गेलं.

ताईंनी वळून पाहिलं. हात पिठातच राहिले.

“तुझ्याकडे येऊन गेले ना, त्याच आठवड्यातला. माझी बोटं बघून त्याला राहवलं नाही. त्याला बोलू नकोस.”

“मग तरी रोज मळताय?”

“तू पाऊण तास सांगितलं होतंस.” ताईंनी खाली पाहिलं. “किती दिवस, ते सांगितलं नव्हतंस. आता आलीच आहेस तर तेवढं सांगून जा.”

घरी जाऊन मुलाला फैलावर घ्यावं की इथेच बसून रडावं, धाकटीला कळेना. नातीने उष्टा तुकडा तिच्यापुढे धरला. तिने तो घेतला, खाल्ला, बोटं पुसली. मग ती ताईंच्या त्या सुजलेल्या पेरांकडे बराच वेळ बघत राहिली.

“आणखी आठ दिवस,” ती म्हणाली.