डावीकडचा नळ

सनोबर ही मालवणातली पहिली बाई आर्किटेक्ट. पण बाईला घर बांधायला कोण देणार? म्हणून ऑफिसच्या पाटीवर तिने भावाचं, इक्बालचं नाव लावलं. चार कामं मिळेपर्यंतच, असं ठरलं होतं. त्याला आता पंचवीस वर्षं झाली. नकाशे ती काढायची, गिऱ्हाइकांशी बोलायला तो जायचा.

आज इक्बालचा सत्कार होता, बायकांच्या सोयीची घरं बांधल्याबद्दल. सनोबर अम्मीशेजारी मागच्या रांगेत बसली होती. एका पत्रकार मुलीने विचारलं, "तुमच्या प्रत्येक घरात मागच्या दारच्या मासे धुवायच्या ओट्यावर नळ डावीकडेच का असतो?"

इक्बाल जरा अडखळला. मग म्हणाला, "पाण्याच्या उताराचं गणित असतं ते. अनुभवानेच जमतं." टाळ्यांचा कडकडाट झाला.

खरं उत्तर द्यायला सनोबरचा हात आपोआप वर गेला.



लहानपणी जेवताना मारायची तशीच त्या डाव्या हातावर चापट मारत अम्मी पुटपुटली, "गप रव गो! भावाचा नाव झाला म्हंजे घराचाच झाला मा?"