भिंतीवरची झडप

कामोलीच्या बंदरावर, खिडक्या कमी असलेल्या घरावर नेरेओ शिडीवर चढून खोटी खिडकी रंगवत होता. मालकीण देल्फिना खालून ओरडली, "झडप किलकिली ठेव रे! माझ्या बहिणीचा बंद खोलीत जीव घुसमटायचा."

"अहो बाई, मागे नुसता दगड आहे!" नेरेओ हसला. तरी गेलेल्या बहिणीची आठवण काढणाऱ्या म्हातारीचं मन मोडवेना, म्हणून त्याने बोटभर फट काढून आत काळोख भरला.

शिडीच्या पायथ्याशीच बसून तो जेवला. वर चढून बघतो तर झडपेच्या ओल्या कडेवर चार बोटं उमटलेली. आतून धरल्यासारखी.

पुसायला घेतलेला बोळा त्याने खाली ठेवला. कुंचल्याने फट हातभर रुंद केली.

"आता बरं वाटतंय?" त्याने हळूच विचारलं.

"कोणाशी बोलतोस रे?" खालून देल्फिना म्हणाली.

भिंतीकडून सुटलेला उबदार श्वास त्याच्या गालाला लागला.