माणूस असल्याचा पुरावा

उद्या परीक्षा, प्रश्नपत्रिका छापायच्या राहिलेल्या, आणि म्हैसूरच्या शाळेतले पुट्टरंगय्या मास्तर सकाळपासून नव्या प्रिंटरच्या ड्रायव्हरमागे लागलेले. शेवटी तो सापडला, तर साइट म्हणे, ‘आधी माणूस असल्याचं सिद्ध करा. चित्रातली अक्षरं टाइप करा.’

मास्तरांनी तणतणत कंपनीला फोन लावला.

“सर, दिसतात तशी टाइप करा की! त्यात काय एवढं?” तिकडच्या बाई म्हणाल्या.

“नाही दिसत.”

“मग शेजारी कुणी असेल त्यांना विचारा.”

शेजारी गणिताच्या नंजम्मा मिस होत्या. “मला विचारताय, मास्तर?” म्हणून त्या खो खो हसल्या.

“त्यांनाही दिसत नाही!” मास्तर फोनवर कडाडले. “अहो मॅडम, ब्रेलचा प्रिंटर विकलात ना आम्हाला? मग तो वापरणार कोण, असं वाटलं होतं तुम्हाला?”