तर्कशास्त्राचा वर्ग

इत्झेलला विद्यापीठात तत्त्वज्ञानाच्या थेट तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाला होता. अट एकच होती, आमच्या दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजातला तर्कशास्त्राचा राहिलेला कोर्स उन्हाळ्यात पुरा करायचा. पण वर्ग सुरू व्हायच्या तोंडावर कॉलेजने तो कोर्सच बंद केला. विद्यार्थी कमी आहेत, म्हणे. आसपासच्या कॉलेजांतले वर्ग तोवर भरून गेले होते.

ती तडक कॉलेजच्या विश्वस्तांच्या सभेत घुसली. तिच्या मागोमाग मीही.

"अगं पोरी," एक विश्वस्त हसत म्हणाले, "तत्त्वज्ञान शिकून कुणाला नोकरी लागलीय का?"

"नोकरी आहे मला. पॅकिंग शेडमध्ये तुमच्याच बागांतले पीच निवडते मी!" इत्झेल कडाडली. "विचार तुमच्या मुलांनी करायचा आणि आम्ही नुसत्या पेट्या भरायच्या, असं ठरलंय का? ठरलं असेल तर तोंडावर सांगा ना, हसता काय?"

त्यांचं हसू मावळलं. मग सभागृह टाळ्यांनी दणाणलं. अध्यक्षबाईंनी तर डोळे पुसत खाली येऊन तिला मिठी मारली.

आणि कोर्स बंदच ठेवला. विद्यापीठाने तिचा प्रवेश रद्द केला.

ऑगस्टमध्ये आम्ही दोघी कामावर जायला थांब्यावर उभ्या होतो.

 

समोर येऊन थांबलेल्या बसच्या अख्ख्या अंगावर इत्झेलचा त्या सभेतला फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, 'निर्भीडपणे विचार करायला शिका, आमच्या कॉलेजात!'