फाटका भोंगा

शाळेत गाणं शिकवणाऱ्या बाबांनी स्पर्धेच्या आदल्या दिवशी स्वतःच्याच मुलीला समूहगानातून काढलं होतं. "एक आवाज बेसूर लागतोय, तो हिचाच." तेव्हापासून घरात तिचं नाव फाटका भोंगा. परवा तिच्या सासरच्यांसमोरही त्यांनी तो किस्सा तिखटमीठ लावून सांगितला. तीही सगळ्यांबरोबर हसली, आणि दुसऱ्याच दिवशी बाबांच्या कॉम्प्युटरसाठी भारीतलं साउंड कार्ड घेऊन आली.

जुन्या कार्डावर सगळे आवाज एकमेकांत कालवून यायचे. तिने नवं कार्ड बसवलं, बाबांच्या कानांवर हेडफोन चढवले आणि त्याच स्पर्धेचं रेकॉर्डिंग लावलं.

बाबा खूश झाले. "अगं, कोण कुठे उभं होतं तेसुद्धा कळतंय. डावीकडे मुली, उजवीकडे मुलगे..." मग त्यांच्या कपाळावर आठी पडली. "पण हे बेसूर कोण गातंय?"

"मी नाही, बाबा. मी स्टेजखाली बसून सगळ्यांची दप्तरं सांभाळत होते." तिने आवाज थोडा वाढवला. "कुठून येतंय?"

"बरोबर मधून. अगदी माइकला चिकटून..."

बोलता बोलता ते थांबले. मध्ये, माइकसमोर उभं राहून मुलांना सूर देत होते ते बाबाच.

त्यांचे हात हेडफोनकडे गेले. तिने त्यांचे हात धरून हळूच खाली आणले.

"राहू द्या कानांवर. अजून दोन कडवी आहेत."